किंड्रेड रोलमध्ये तिचं नाव नव्हतं

फौजीची ताटातूट म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढं बर्फ येतो. बंकर, खांद्याला रायफल, खिशात बायकोचा फोटो. मी बर्फात राहून आलोय आणि राजस्थानच्या वाळूतही. पण आठवणीनं जीव कसा तुटतो ते मला कळलं बेळगावात. साल १९९९. तिकडं कारगिलची लढाई पेटलेली आणि मी तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये, रंगरूट म्हणून परेड ग्राउंडवर टाचा आपटत होतो.

यावर माझ्याबरोबरचे काही जुने हवालदार वाद घालतात. म्हणतात, ट्रेनिंगमध्ये आठवण काढायला वेळ कुठं असतो? पहाटे चारला उठवतात, रात्री अंग टाकलं की मेल्यागत झोप लागते. खरं आहे. पण पोस्टवरच्या माणसाच्या राबण्याला अर्थ असतो. तो जागा असतो म्हणून मागचे झोपतात. रंगरूट मात्र कागदाच्या टार्गेटवर गोळ्या झाडतो. ट्रेनिंगच्या शेवटी शपथेची कसम परेड होईपर्यंत तो सैनिक नसतो, आणि गावातला तर राहिलेलाच नसतो. त्यात माझं लग्नही झालं नव्हतं, नुसती सुपारी फुटली होती. म्हणजे इकडं मी अर्धा सैनिक आणि तिकडं ती अर्धी बायको. या अर्धेपणाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

आमची सोयरीक कशी जमली ते सांगायचं तर भूकंपापासून सुरुवात करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्या भागात ही वेळ कुणालाही विचारा, विचार न करता सांगेल. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं. मिरवणुकीत नाचून दमलेली माणसं उशिरा घरी येऊन झोपलेली. घरं दगडमातीची, भिंती हात-दोन हात जाड, वर मातीचं माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढायचा. वर्षानुवर्षांची ती माती एका दणक्यात खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली.

आमचं गाव उमरग्याच्या बाजूला. आमच्या भिंतींना चिरा गेल्या, एक ओसरी बसली, पण माणसं वाचली. माझी आत्या मात्र लोहाऱ्याकडच्या एका गावात दिलेली. ते गाव उरलंच नाही. वडिलांच्या मागं मी दुसऱ्या दिवशी तिथं गेलो, तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आत्या आणि तिची पोरं रस्त्याच्या कडेला घोंगडी पांघरून बसलेली दिसली तेव्हा वडील मटकन खाली बसले. गावात लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते, तोंडाला रुमाल बांधून. त्यातल्या एकाला मी बराच वेळ बघत उभा होतो. त्यानं ढिगाऱ्यातून एक शिवणाची मशीन वर काढली, खांद्यावर घेऊन बाजूला नीट उभी करून ठेवली आणि परत येऊन गुडघ्यावर बसला. फावडं शेजारी पडलं होतं, ते त्यानं घेतलं नाही. दोन्ही हातांनी माती ओढायला लागला. खाली कुणी असेल तर फावड्याचं पातं लागू नये म्हणून. त्याच्या बोटांची नखं रक्ताळली होती. तो कुठला, कोणत्या पलटणीचा, मला आजपर्यंत माहीत नाही. पण आपण हेच व्हायचं, हे त्या दिवशी ठरलं.

ती त्याच गावची. मिरवणुकीनंतर तिचे वडील, ती आणि धाकटा भाऊ मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत मंडपाखालीच आडवे झाले होते. आई घरी गेली, कारण घरी शेळी व्यायला टेकली होती. आई सापडली ती तिसऱ्या दिवशी.

पुढं सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. शेड म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. मी सुट्टीत आत्याकडं जायचो. पाण्याचा टँकर आला की आत्याची घागर ती आपल्या घागरीशेजारी रांगेत लावून ठेवायची. त्या रांगेत आम्ही एकमेकांशी जे काय बोललो असू ते एका पोस्टकार्डावर मावेल. पण माझ्या आत्याला दिसायचं ते दिसलं होतं. १९९९च्या सुरुवातीला मी भरतीत निघालो. सोळाशे मीटर पळालो, छाती फुगवली, मेडिकल झालं. बेळगावला हजर होण्याचं पत्र आलं, आणि आत्यानं मध्ये पडून दोन्ही घरांची बैठक घातली. पाच माणसांसमोर सुपारी फुटली. तिच्या वडलांनी एकच अट घातली: पोराचं ट्रेनिंग होऊ द्या, मग तारीख काढू. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. लढाई होईल असं तेव्हा कुणाच्या मनात होतं?

उमरग्याहून एसटीनं सोलापूर, सोलापूरहून विजापूरमार्गे बेळगाव. डोक्यावर काळी पत्र्याची पेटी, पेटीत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे. गेटवरच उस्तादांनी धपाटे वाटून टाकायला लावले. पहिले दोन महिने कसे गेले ते सगळ्याच रंगरुटांचं सारखं असतं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. केस गेले, नावाच्या जागी नंबर आला, बुटांनी टाचा सोलल्या, आणि चूक एकाची झाली की रगडा सगळ्या प्लाटूनला. आमच्या रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिली, तेव्हापासून आपण लढतोय, हे आमच्याकडून पाठ करून घेतलं. संगीन पुढं धरून ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत पोत्यावर धावायचं. पहिल्यांदा ओरडलो तेव्हा अंगावर काटा आला होता. तो काटा पुढं चोवीस वर्षांत कधी मोडला नाही.

मे महिन्यात बातम्या यायला लागल्या. आधी नुसतं ‘घुसखोर’ म्हणायचे. २६ मेला हवाई दलाची विमानं गेली आणि उस्तादांचे चेहरे बदलले. आमचे ड्रिल उस्ताद साताऱ्याकडचे, आवाज असा की ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाची कबुतरं उडायची. ते त्या आठवड्यात गप्प गप्प होते. सेंटरमध्ये कुजबुज सुरू झाली. सुट्ट्या बंद. आमची मधली सुट्टी पुढं ढकलली. कुणी म्हणायचं, कोर्स आवरता घेणार, कच्च्या पोरांनाच वर नेणार. कुणी म्हणायचं, रक्त घ्यायला यादी करतायत. जूनच्या ८ तारखेला मँचेस्टरला वर्ल्ड कपमध्ये आपण पाकिस्तानला हरवलं, तेव्हा टीव्ही रूममध्ये पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. त्यानंतर बातम्या लागल्या. तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या विमानातून उतरवत होते. सगळी रूम चिडीचूप.

मला वर जायचं होतं. अगदी मनापासून. तोलोलिंगचं शिखर घेतल्याचं १३ जूनला कळलं तेव्हा वाटलं, आपण इथं पोत्याला भोसकतोय आणि लढाई संपून जाईल. आणि त्याच रात्री वाटायचं, संपू दे बाबा एकदाची. या दोन्ही गोष्टी एकाच छातीत राहायच्या आणि त्यांचं एकमेकींशी भांडण नव्हतं. हे मी आज सांगू शकतो. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या परांड्याच्या पोरालाही सांगू शकलो नसतो.

त्याच दिवसांत किंड्रेड रोलचे कागद परत तपासायला घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौजेत प्रत्येकाच्या नावावर एक कागद असतो, त्यात घरच्या माणसांची नावं, नातं, जन्मतारखा. तुमच्यानंतर कुणाला कळवायचं, कुणाला काय मिळायचं, ते सगळं त्यावरून ठरतं. एरवी हे कंटाळवाणं काम. पण लढाई चालू असताना तेच कागद काढून ‘नाव नीट बघ, पत्ता नीट बघ, जवळचं पोलीस स्टेशन लिहिलंय का बघ’ म्हणतात, तेव्हा पोरगं एका दुपारीत मोठं होतं. कारकुनासमोर लांब रांग. माझा नंबर आला. आईचं नाव, वडलांचं नाव, दोन बहिणी. क्लार्कनं विचारलं, “और कोई?” मी म्हटलं, “साहब, सगाई हुई है.” त्यानं मान वर केली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “बेटा, उसका खाना नहीं है.”

खाना नाही. म्हणजे मला काही झालं तर तिला कुणी सरकारी माणूस सांगायला येणार नव्हता. तिच्या गावात ती बातमी माझ्या गावाकडून येणाऱ्या एसटीतून येणार, कंडक्टरच्या किंवा बाजारकरूंच्या तोंडून. आणि ती आल्यावर तिनं काय करायचं? लग्न झालेली बाई पदर तोंडाला लावून रडू शकते, चार बायका तिला धरायला येतात. नुसती सुपारी फुटलेल्या पोरीनं कुणाच्या नात्यानं रडायचं? रांगेतून बाजूला झालो आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. मरणाची नव्हे. मरण म्हणजे काय हे एकोणीस वर्षांच्या पोराला कळत नाही. भीती वाटली ती या रिकाम्या खान्याची.

तिच्या बाजूनं हे सगळं कसं होतं ते मला फार नंतर कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता, धोंड्याचा महिना, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. गावातले जावई सासुरवाडीला जेवून, धोंडे खाऊन, कपडे घेऊन जात होते. तिच्या वडलांना वाटायचं आपणही बोलवावं, पण मी अजून जावई नव्हतो, आणि येऊ तर शकतच नव्हतो. अधिक संपला आणि जूनअखेर वटपौर्णिमा आली. लढाई तेव्हा ऐन भरात, टायगर हिल अजून घ्यायची होती. नव्या गावात वड नव्हता, लावलेली रोपं गुडघ्याएवढी. बायका जुन्या गावाच्या पांढरीत उभ्या असलेल्या वडाकडं जायच्या. पडक्या भिंतींतून वाट. ती माझ्या आत्याबरोबर आरतीचं ताट घेऊन गेली आणि लांब उभी राहिली, कुमारिकेनं वडाला फेरे घालायचे नसतात म्हणून. एक बाई तिथंच म्हणाली, “बरं झालं बाई, अजून गळ्यात बांधलं न्हाई. मोडायला येतंय.”

हे बोलणं काही एकटीदुकटीचं नव्हतं. जून-जुलैत तिच्या वडलांना चांगल्या चांगल्या माणसांनी सल्ला दिला, की एकदा घरातलं माणूस गेलंय, पोरीच्या नशिबाला परत कशाला जुगार? फौजीला देऊ नका, अजून वेळ गेलेली नाही. ते सगळे दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. ज्यांनी आपल्या हातांनी घरची माणसं पुरलीत, ती माणसं अशीच बोलणार. तिच्या वडलांनी शेवटी तिलाच विचारलं. ती उत्तर न देता उठली, पेटीतून सुपारीची साडी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेसून पाण्याला गेली. भर कामाच्या दिवशी, चिखलातून, जरीच्या काठाची साडी नेसून. गावानं बघायचं ते बघितलं. नंतर कुणी विषय काढला नाही.

इथं मला गेल्या वर्षीचं सांगावंसं वाटतं. २०२५च्या मे महिन्यात, ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा आमच्या गावातलं एक पोरगं अग्निवीर म्हणून ट्रेनिंगला होतं. सुपारी फुटलेली, मुलगी गावातलीच. फोन जमा केलेले, रविवारशिवाय मिळायचा नाही. मोबाइलवर तर कसल्या कसल्या अफवा फिरत होत्या. ती पोरगी संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसली, काही बोलेना. माझ्या बायकोनं तिला धीर देणारं एक वाक्य बोललं नाही. विचारलं, “त्याच्या आईकडं जाऊन आलीस का?” पोरगी म्हणाली, “अजून कसं जायाचं? लगीन कुठं झालंय?” बायको उठली, चपला घातल्या, तिचा हात धरला आणि चौथ्या गल्लीतल्या त्या घरी घेऊन गेली. त्या बाईला म्हणाली, “पोराचा फोन तुमच्याकडं येणार, आन् ही तिकडं एकटी बसणार का? इथंच बसू द्या हिला.” पोरगी चारही दिवस तिथं होती. १० मेला गोळीबार थांबला, ११ तारखेला रविवार होता, फोन आला. माझी बायको एरवी कुणाच्या घरात पडणारी बाई नाही.

आता पत्रांचं. ती मला थेट पत्र लिहू शकत नव्हती, बरं दिसलं नसतं. म्हणून पत्र धाकट्या भावाच्या नावानं यायचं. निळं अंतर्देशीय, वरच्या अर्ध्यात भावाचं गिचमिड अक्षर, ‘सा. न. वि. वि., इकडील सर्व खुशाल, तुमच्याकडील खुशाली कळवावी’. आणि खाली, जिथून घडी पडते तिथून, तिचं अक्षर. बारीक, उभं, ओळी एकदम सरळ. संध्याकाळच्या रोल कॉलला उस्ताद पत्रं वाटायचे. नंबर पुकारला की पुढं पळत जायचं, दहा डंड मारायचे आणि पत्र घ्यायचं. दहा डंडांचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते पुकारा संपून हातातला गठ्ठा रिकामा झाल्याचं.

तिच्या पत्रात प्रेमाबिमाचा शब्द नसायचा. लढाईचाही नसायचा. उडीद पेरला. तूर उगवली, पण मध्येच पावसानं ओढ दिली. विहिरीला पायऱ्या उघड्या पडल्या. भाऊ दहावीला पास झाला. अण्णांचा खोकला अजून आहे. इकडं बेळगावात पाऊस असा की आठवडाभर सूर्य दिसायचा नाही, खाटेखालच्या बुटांना बुरशी यायची, धुतलेली बनियन अंगावरच वाळवायची. आमच्याकडचा पाऊस येतो तो ढोल वाजवत, आणि निघून जातो. हा रात्रंदिवस नुसता झिरपायचा. भिजल्या कपड्यांत फॉलिनमध्ये उभा असताना मला तिच्या विहिरीच्या उघड्या पायऱ्या दिसायच्या. वाटायचं, यातला एक दिवसाचा पाऊस पेटीत घालून पाठवता आला असता तर.

मीही तसलंच लिहायचो. लंगरमध्ये आज काय होतं, फायरिंगला किती गोळ्या लागल्या, वजन वाढलं. किंड्रेड रोलचं लिहिलं नाही.

एका रविवारी आउटपास मिळाला. कॅम्पातल्या एका दुकानातून कुंदा घेतला, कारण सगळे घेत होते. पाठवायचा कसा याचा विचार नंतर. मग एसटीडीच्या रांगेत उभा राहिलो. तिच्या गावात फोन एकच, किराणा दुकानात, पीपी नंबर, म्हणजे निरोप देऊन माणूस बोलवायचा. दुकानदाराला काय सांगायचं ते मी रांगेत पाठ करत होतो. काचेच्या खोलीत उभं राहिल्यावर समोर मीटरचे लाल आकडे. लागला. म्हटलं, “बेळगावहून बोलतोय, अण्णांच्या तब्येतीचं विचारायचं होतं, घरचं कुणी आलं तर...” दुकानदार जाणता माणूस. म्हणाला, “धरा,” आणि पोराला पिटाळलं. मी धरून राहिलो. आकडे पळत होते. मागच्या रांगेतली पोरं काच वाजवायला लागली. फोनमधून दुकानातले आवाज येत होते: तराजूत वाटी पडल्याचा, कुणी गूळ मागितल्याचा, शेळी ओरडल्याचा. गावाकडचे ते आवाज ऐकूनच माझा घसा भरून आला. मग कुणीतरी धापा टाकत फोन उचलला. भाऊ असेल असं वाटलं. पलीकडं नुसता श्वास.

मी म्हटलं, “कोण?”

“मी हाय.”

पुढं दोघांनाही सुचेना. दुकानात माणसं उभी असणार, माझ्या मागं रांग. शेवटी तिनं विचारलं, “जेवण करलालाव का बराबर?” मी म्हटलं, “व्हय.” “पाऊस हाय का तिकडं?” “लई हाय.” “आमच्याकडं न्हाई.” एवढ्यात माझ्याजवळचे पैसे संपत आले होते. म्हटलं, ठेवतो. ती म्हणाली, “ठेवा.” पण ठेवला नाही, तिनंही नाही. आणखी काही आकडे पळाले, मग मी ठेवला. कुंदा बॅरेकमध्ये आणला, सगळ्यांना वाटला.

त्यानंतरच्या पत्रात, घडीच्या खालच्या भागात, उडीद-तुरीच्या मागं चार ओळी होत्या. त्या मला पाठ आहेत. तिला मी विचारलं, लिहू का? म्हणाली, लिहा, आता काय.

‘पहाटं चारला मला जाग येते हे तुम्हाला ठाऊक हाय. आई गेल्यापासून येते. आधी उठून अंगणात बसायची, उजाडेपर्यंत भ्या वाटायचं. तुम्हाला तिकडं चारला उठवतात असं तुम्ही लिहिलं होतं. आता जाग आली की वाटतं, तुम्ही पण उठलेले असाल. मग बसून राहावं वाटत न्हाई, मी झाडलोट करते.’

ती नव्या घरातही छताखाली झोपत नव्हती. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, प्रत्येक घराला नंबर, भूकंपात टिकेल असं बांधकाम. तरी ती अंगणात खाट टाकायची, पावसात पडवीच्या कडेला. हे सगळ्या गावाला माहीत होतं, तिच्यासारखी अजून बरीच माणसं होती. आणि मी बेळगावात पहाटे शिट्टी वाजली की रोज मनातल्या मनात उस्तादांना शिव्या देत उठायचो. त्या पत्रानंतर शिट्टीआधीच उठून बसायला लागलो. अंधारात बुटांच्या लेस बांधताना मला कळायचं की तिकडं आत्ता खराट्याचा आवाज येत असणार. उस्तादांनी एकदा बॅटरी मारून बघितलं, हा रोज आधी कसा तयार? काही बोलले नाहीत. पुढं गेले.

टायगर हिल ४ जुलैला आपण घेतलं. २६ जुलैला लढाई संपल्याचं जाहीर झालं. ५२७ जवान गेले. सेंटरमध्ये त्या संध्याकाळी आनंदाचा गोंधळ वगैरे झाला नाही. उस्तादांनी दोन मिनिटं उभं केलं आणि म्हणाले, ते गेले म्हणून तुम्ही उद्या सकाळी पीटीला येताय. आम्ही गेलो पीटीला. मला वर जायला मिळालं नाही याची रुखरुख आणि ती झाडलोट करत असेल याचा निवांतपणा, दोन्ही तसंच राहिलं. कसम परेडला वडील आणि तिचा भाऊ आले होते. आमच्याकडचे धर्मगुरू पुढं, हात पुढं करून शपथ, बँड. परेड सुटल्यावर वडलांनी माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मांडव नव्या गावातच, दोन गल्ल्यांच्या मध्ये. जी बाई वडाखाली ‘मोडायला येतंय’ म्हणाली होती तिनं सगळ्यात जास्त राबून पुरणपोळ्या लाटल्या, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण ती आता हयात नाही आणि माझ्या बायकोच्या मनात तिच्याबद्दल काही राहिलेलं नाही.

सुट्टी संपवून मी पलटणीत गेलो आणि लग्नाचे कागद जमा केले. फौजेत लग्न झालं, मूल झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर निघते आणि मग नाव किंड्रेड रोलला चढतं. ऑर्डर निघाली, त्याची एक नक्कल मी घरी पाठवली. मला वाटलं होतं ती काहीतरी लिहील त्यावर. तिनं लिहिलं, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय आणि जन्मतारखेत महिना चुकलाय, शाळेचा दाखला सोबत जोडते, दुरुस्त करून घ्या. भावाच्या नावानं नव्हे. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं, माझ्या आडनावासकट. मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.